खाजगी शाळेतला गणित-विज्ञानाचा शिक्षक आणि सरकारी पगार: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापकाच्या खुर्चीत काढली. निवृत्त झालो तरी फोन थांबले नाहीत. बी.एड. झालेली पोरं, वीस टक्के अनुदानावर अडकलेले सर, संस्थेचे कारकून, कधी एखादा पालक, असे सगळे तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. मी वकील नाही; जे केलं, पाहिलं आणि शासन निर्णयांत वाचलं तेवढंच सांगतो.

गणित-विज्ञानाच्या शिक्षकासाठी सरकार खाजगी शाळेला वेगळं अनुदान देतं का?

नाही. महाराष्ट्रात पगार मिळतो तो पदाला, विषयाला नाही. शाळेत किती वर्ग, किती लेकरं, त्यावर किती शिक्षकांची पदं मंजूर होतात आणि शाळा किती टक्के अनुदानावर आहे, एवढ्यावर सगळं ठरतं. मंजूर पदांवर कोण कुठला विषय शिकवतो हे नंतर येतं. पुढचे निम्मे प्रश्न याच गोष्टीतून जन्मलेले आहेत, म्हणून हे उत्तर आधी डोक्यात पक्कं बसू द्या.

जगात दुसरी पद्धतही आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात २०१७ पासून खाजगी शाळांतल्या फक्त गणित-विज्ञान शिकवणाऱ्यांच्या पगारापोटी राज्याच्या तिजोरीतून पैसे दिले जातात. तिथल्या बऱ्याच खाजगी शाळा धार्मिक संस्थांच्या आहेत, त्यामुळे सरकारी पैसा धर्मशिक्षणाकडं वळू नये म्हणून तो विषयाला बांधला. आपल्याकडं हा पेच नाही, पण गणिताचा तास रिकामा जाण्याचा पेच आहेच. त्याला धरून योजना अजून कुणी आखलेली नाही.

आमची शाळा कोणत्या प्रकारात येते, हे ओळखायचं कसं?

संस्थाचालकाला विचारू नका, संचमान्यतेचा, म्हणजे शाळेत शिक्षकांची किती पदं मंजूर आहेत त्याचा सरकारी कागद मागा. त्यावर सगळं लिहिलेलं असतं. प्रकार असे: पूर्ण म्हणजे १०० टक्के अनुदानित, अंशतः अनुदानित, ज्याला आपण ‘टप्प्यावरची शाळा’ म्हणतो, विनाअनुदानित, आणि स्वयंअर्थसहाय्यित. शेवटच्या प्रकारातल्या शाळा २०१२ च्या कायद्याखाली निघाल्या. त्यांना सरकारकडून पगार अनुदान मिळत नाही आणि पुढं मिळण्याची वाटही नाही. "दोन-तीन वर्षांत ग्रँट येणार आहे" असं सांगून अशा शाळेत कुणी नोकरीला बोलावत असेल तर चहा प्या आणि घरी या.

एकाच इमारतीत दोन प्रकार नांदू शकतात, हेही ध्यानात ठेवा. पाचवी ते दहावी अनुदानित असते, पण त्याच शाळेची वाढीव तुकडी टप्प्यावर असते आणि वरच्या मजल्यावरचं कनिष्ठ महाविद्यालय विनाअनुदानित असतं. नेमणुकीच्या आदेशावर कोणतं पद, कोणती तुकडी, हे वाचल्याशिवाय सही करू नये.

मराठवाड्यात खाजगी संस्थांच्या शाळा इतक्या का?

निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादला १९१८ मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. मराठीतून शिकायचं तर लोकांनीच शाळा काढायच्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी ही त्यातली मोठी नावं. स्वामी रामानंद तीर्थांनी या दोन्ही ठिकाणी मुख्याध्यापकी केली, मग ते मुक्तिसंग्रामात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर गावोगाव शिक्षण मंडळं निघाली. कुणी जागा दिली, कुणी पत्रे दिले, कुणी ज्वारीची पोती दिली. सरकारनं इमारत बांधण्यापेक्षा पगार द्यायचं कबूल केलं आणि माध्यमिक शिक्षण बहुतांशी संस्थांच्या हातात राहिलं. आज आठही जिल्ह्यांत खेड्यातलं लेकरू आठवीनंतर जिथं जातं ती शाळा बहुतेक वेळा खाजगी संस्थेची, पण पगार सरकारी, अशीच असते.

‘टप्पा अनुदान’ म्हणजे नेमकं काय? वीस टक्क्यांत हातात किती येतात?

२४ नोव्हेंबर २००१ ला सरकारनं ‘कायम विनाअनुदान’ तत्त्व आणलं. म्हणजे शाळा काढा, पण पैसे कधीच मागू नका. तरी शाळा निघाल्या, धडाधड निघाल्या. २० जुलै २००९ ला ‘कायम’ हा शब्द काढला गेला, मूल्यांकनाची चक्रं फिरू लागली आणि १९ सप्टेंबर २०१६ च्या निर्णयानं पात्र शाळांना २० टक्के सुरू झाले. मग दर काही वर्षांनी आंदोलन, मग आणखी २० टक्के. जानेवारी २०२३ पासून एक टप्पा मिळाला. पुढच्याची घोषणा झाली, पण पैशाची तरतूद नव्हती. आझाद मैदानावर पावसात बसावं लागलं, तेव्हा ऑगस्ट २०२५ पासून तो लागू करण्याचा निर्णय झाला.

हिशेब साधा आहे. सातव्या वेतन आयोगात माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६०० रुपये. नुसत्या मूळ वेतनावर २० टक्के म्हणजे ७,७२०, ४० टक्के म्हणजे १५,४४०, ६० टक्के म्हणजे २३,१६० आणि ८० टक्के म्हणजे ३०,८८०. महागाई भत्ता त्याच प्रमाणात वर मिळतो, कपाती खाली होतात. लातूरला अकरावी-बारावीच्या शिकवणीत गणिताचा बरा सर महिन्याला याहून कितीतरी जास्त कमावतो. वीस टक्क्यांवरच्या शाळेतला हुशार गणितवाला का टिकत नाही, याचं उत्तर एवढ्यात आलं.

उरलेले ८० टक्के कोण देतं?

नियमानं संस्था. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी कुणीच नाही. शाळा सुटल्यावर शेती, किराणा दुकान, एलआयसी, पिठाची गिरणी, घरी चार पोरांच्या शिकवण्या, असं करून माणसं पंधरा-पंधरा वर्षं काढतात. टप्प्यावरच्या एका सरांना मी दुपारी सातवीत अपूर्णांक शिकवताना आणि संध्याकाळी मोंढ्यात काट्यावर वजनं लिहिताना एकाच दिवशी पाहिलंय.

संचमान्यतेत गणित-विज्ञानाचं पद कसं ठरतं?

हे नीट समजून घ्या, कारण गोंधळाचं मूळ इथंच आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी लिहिलंय की विज्ञान आणि गणित मिळून एक, सामाजिक शास्त्रांसाठी एक आणि भाषांसाठी एक असे शिक्षक किमान असावेत, आणि ३५ मुलांमागं एक शिक्षक असावा. म्हणजे कायद्यातसुद्धा गणित आणि विज्ञान एकाच माणसाच्या खांद्यावर टाकलेत. राज्याचे संचमान्यतेचे निकष याच्या वर बसतात आणि ते बदलत राहतात. १५ मार्च २०२४ च्या निर्णयानं ते पुन्हा बदलले तेव्हा कमी पटाच्या शाळांची झोप उडाली. वाडी-तांड्यांवरच्या शाळांत पदंच उरणार नाहीत म्हणून राज्यभर विरोध झाला.

आता ‘गणित-विज्ञान’ हा जोडशब्द किती फसवा आहे बघा. बी.एस्सी.ला एक गट भौतिक, रसायन, गणित घेणारा, दुसरा रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्र घेणारा. दुसऱ्या गटातल्याचा गणिताशी संबंध बारावीला किंवा त्याही आधी तुटलेला असतो. पण बी.एड.ला त्यानं ‘विज्ञान’ अध्यापन पद्धती (मेथड) घेतली, पद ‘गणित-विज्ञान’चं, मान्यता मिळाली. कागद पूर्ण.

मी त्यातलाच. वनस्पतिशास्त्राचा पदवीधर. पहिल्याच वर्षी नववीचं बीजगणित गळ्यात पडलं. रात्री कंदिलात गणितं सोडवायचो आणि सकाळी फळ्यावर उतरवायचो. एकदा वर्गसमीकरणाचं उत्तर पुस्तकाशी जुळेना, तास संपत आला, तेव्हा शेवटच्या बाकावरच्या एका पोरीनं उभं राहून सांगितलं, "सर, तिसऱ्या ओळीत वजा राहिलंय." त्या वर्षी मी तिच्याकडून गणित शिकलो असंच म्हणायला पाहिजे. सरकारच्या दृष्टीनं मात्र त्या वर्गाला गणिताचा पूर्ण पगारी शिक्षक होता.

म्हणून माझं म्हणणं असं की दहावीपर्यंतच्या शाळेत गणित गटाचा एक आणि जीवशास्त्र गटाचा एक असे दोघं असावेत आणि संचमान्यतेत ते वेगळे दिसावेत. संघटनांच्या निवेदनांत ही मागणी कुठंतरी सोळाव्या क्रमांकावर असते.

आमच्याकडं दिवाळीनंतर अर्धा वर्ग ऊसतोडीला जातो. मग गणिताच्या शिक्षकाचं पद जातं का?

बहुधा जात नाही, आणि गंमत तिथंच आहे. पट मोजला जातो ३० सप्टेंबरचा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागातले कोयते, म्हणजे ऊसतोडणीच्या जोड्या, गाव सोडतात ते दसरा-दिवाळीच्या आसपास, कारखान्याचं गाळप सुरू होताना. म्हणजे ३० सप्टेंबरला वर्ग भरलेला असतो, पद टिकतं. नोव्हेंबरात बाक रिकामे असतात आणि सर असतात. जानेवारीत त्रिकोणमिती सुरू होते तेव्हा ऐकायला निम्मीच लेकरं. मार्च-एप्रिलात बाकीची परततात, तेव्हा वार्षिक परीक्षा दारात उभी असते.

उलटंही होतं. आधार कार्डावरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळलं नाही तर ते लेकरू संचमान्यतेत मोजलं जात नाही. ऊसतोड मुकादमाच्या मागं फिरणाऱ्या घरांतल्या लेकरांचीच आधारं सगळ्यात जास्त चुकलेली. जन्मतारीख वेगळी, आडनावाची वेलांटी वेगळी. वर्गात ३८ बसलेत आणि ऑनलाइन ३१ ग्राह्य धरलेत, असं झालं की पदाला धक्का लागतो. जून-जुलैतच आधार दुरुस्तीच्या मागं लागा. आमच्या शाळेत हे काम आम्ही शिपायाला नव्हे, गणिताच्या सरांनाच दिलं होतं. पद त्यांचंच जाणार होतं ना!

ज्यांचे आजी-आजोबा गावात आहेत त्या लेकरांना ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे. ती ज्या वर्षी वेळेवर सुरू होते त्या वर्षी वर्गात फरक दिसतो.

गणिताचं पद दोन वर्षं रिकामं आहे, तरी जाहिरात का निघत नाही?

तीन कारणं नेहमीची. पहिलं, अतिरिक्त शिक्षक. दुसऱ्या शाळेत पट घसरून कुणी अतिरिक्त ठरलं असेल तर आधी त्याचं समायोजन. विषय जुळावा असा नियम आहे, पण पगार चालू ठेवायची घाई त्याहून मोठी. आमच्याकडं एकदा गणिताच्या रिकाम्या जागेवर हिंदीचे सर आले. सज्जन माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हेडसर, मला नफा-तोटा येतो, पुढचं तुम्ही बघा."

दुसरं, बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचं रोस्टर. आरक्षणाचा बिंदू शाळेचा नसतो, संस्थेचा असतो. संस्थेच्या सहा शाळा असतील तर सगळ्यांचं रोस्टर एक. मागासवर्ग कक्षाकडून ते तपासून आणल्याशिवाय जाहिरात देता येत नाही. काही संस्थांचं रोस्टर वर्षानुवर्षं तपासलेलंच नसतं, कारण तपासलं तर जुना अनुशेष उघडा पडतो. मग दोष आरक्षणाला देतात. खरं तर दोष लपवलेल्या वहीचा असतो.

तिसरं, २ मे २०१२ ला सरकारनं भरतीवर बंदी घातली होती. ती पुढं सैल झाली, गणित-विज्ञान-इंग्रजीला सवलती मिळाल्या, पण त्या काळात जे पद भरलं, त्याला मान्यता द्यायची की नाही यावरून कोर्टकज्जे आजही चालू आहेत. २०१२ नंतरच्या रखडलेल्या फायली हा छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठातल्या वकिलांचा बारमाही हंगाम आहे.

आता भरती पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षक भरती प्रणालीवरून होते. त्यात गणित येतं की नाही हे तपासतात का?

चांगला प्रश्न आहे आणि उत्तर अडचणीचं आहे. त्यासाठी द्यावी लागणारी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०० गुणांची: १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. आतापर्यंत ती २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. या चाचणीत नववी-दहावीचं गणित शिकवता येतं का, हे विचारलं जात नाही. विषय कळतो तो पदवीच्या गुणपत्रकावरून. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर लागतो. १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञानाचे, तिथं निदान थोडी परीक्षा होते. नववी-दहावीला तेही नाही.

खाजगी संस्थांना दोन पर्याय असतात: मुलाखतीशिवाय किंवा मुलाखतीसह. मुलाखतीसह घेतलं तर पोर्टल एका जागेसाठी एकापेक्षा जास्त उमेदवार पाठवतं आणि संस्था त्यांतून निवडते. चांगली संस्था इथं फळ्यासमोर उभं करून पाठ घ्यायला लावते. वाईट संस्था या टप्प्यावर दार बंद करून दुसरंच बोलते.

दुसरंच म्हणजे पैसे ना? संस्थाचालक लाखांची मागणी करतात, द्यावेत का?

देऊ नका. हे सांगणं सोपं आणि ऐकणं अवघड, हे मला माहीत आहे. घरी बहीण लग्नाची आणि बाप म्हणतो दोन एकर काढू. पण शेत विकून घेतलेलं पद मंजूर नसलं, रोस्टरमध्ये बसत नसलं किंवा स्वयंअर्थसहाय्यित निघालं तर पैसे परत येत नाहीत आणि पावती तर नसतेच. वीस टक्क्यांवरच्या पदासाठी पूर्ण पगाराच्या हिशेबानं पैसे मोजलेली माणसं मी ओळखतो. तेव्हा मी त्यांना अडवलं नाही, याची मला आजही टोचणी आहे.

संस्थेचा आदेश मिळाला, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यताही मिळाली. पगार का सुरू होत नाही?

शालार्थ आयडी, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतला तुमचा क्रमांक, मिळालेला नसेल. क्रम असा: संस्थेचा ठराव आणि आदेश, मग शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांची वैयक्तिक मान्यता, मग विभागीय पातळीवरून शालार्थमध्ये नाव घालण्याची मंजुरी, आणि शेवटी वेतन पथकाकडं बिल. यातला तिसरा टप्पा २०२५ मध्ये नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आल्यापासून फार कडक झालाय. खोट्या आयडीवर पगार उचलले गेले, अधिकाऱ्यांना अटका झाल्या, विशेष तपास पथक बसलं. त्याचा परिणाम खऱ्या माणसांवर असा की जुनी मूळ कागदपत्रं पुन्हा मागतात. संस्थेचा ठराव, जाहिरातीचं कात्रण, हजर अहवाल, हजेरीपट, सगळ्यांच्या साक्षांकित प्रती स्वतःच्या घरी ठेवा. शाळेचं कपाट पावसाळ्यात गळतं, हे लक्षात असू द्या.

थकलेला पगार ‘फरक बिला’नं मिळतो, पण त्यासाठी वेगळी तरतूद यावी लागते. मार्चअखेरीस कारकुनाशी भांडण काढू नका.

शिक्षण सेवकाला किती मिळतात?

शिक्षण सेवक म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर असलेला शिक्षक. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,००० रुपये मानधन, तीन वर्षं. त्याआधी माध्यमिकला ८,००० होते. तीन वर्षं समाधानकारक गेली की नियमित वेतनश्रेणी.

टीईटी नसलेल्या जुन्या शिक्षकांचं काय होणार?

महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी टीईटीची अट १३ फेब्रुवारी २०१३ पासून आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्याआधी लागलेल्यांनाही ती लागू आहे. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हा. पाचपेक्षा कमी असेल तर नोकरी राहील, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडं पाठवलाय. निकालाची दिशा पुढच्या आदेशांनी बदलू शकते, तेव्हा व्हॉट्सअॅपवरच्या निरोपावर न जाता निकालाची प्रतच वाचा.

गणिताच्या सरांना साठ गुण हातचे वाटतात. ते अडकतात बालमानसशास्त्रात आणि इंग्रजीत. पन्नाशीतल्या एका सरांनी मला विचारलं, "पियाजे कोण हो?" तीस वर्षं पोरांची मनं वाचणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं!

२००५ च्या आधी विनाअनुदानित शाळेत लागलो, अनुदान नंतर आलं. जुनी पेन्शन मिळेल का?

१ नोव्हेंबर २००५ ही रेघ आहे. त्या तारखेला शाळा १०० टक्के अनुदानावर नव्हती, म्हणून जुनी पेन्शन नाही, अशी सरकारची भूमिका राहिली. माझी नेमणूक आधीची आहे, उशीर तुम्ही केलात, असं शिक्षकाचं म्हणणं. वाद न्यायालयात लढला गेलाय. तुमच्या नेमणुकीची आणि अनुदानाच्या प्रत्येक टप्प्याची तारीख एका कागदावर लिहा आणि मगच वकिलाकडं जा. निम्मी माणसं तारखा न घेताच जातात.

शाळेनं सेमी-इंग्रजी सुरू केलं. त्यासाठी वेगळा शिक्षक मिळतो का?

नाही. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, शिक्षक तोच, पगार तोच. कालपर्यंत ‘गुणोत्तर’ सांगणारा माणूस आज वेगळ्याच शब्दांत अडखळतो. पालकांना सेमी हवं असतं, कारण नाही तर लेकरं शहराच्या शाळेत जातात, पट घसरतो आणि पद जातं. म्हणून संस्था सुरू करतात. शिक्षकाला प्रशिक्षण मिळतं ते बहुधा मुलांसमोर, चालू तासात.

अकरावी-बारावी विज्ञानाचं काय?

तिथं निदान भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र अशी पदं वेगळी. पात्रता पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.; सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये. कार्यभार पूर्ण भरला तरच पूर्णवेळ पद, नाही तर घड्याळी तासिका. लातूर पॅटर्नचं नाव झालं ते राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या अनुदानित महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांच्या जोरावर, हे आजकाल विसरलं जातं. आता वर्गाची गर्दी लातूरच्या उद्योग भवनाजवळच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत सरकली. खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात नाव लावायचं आणि राहायचं लातूरला शिकवणीत, अशी व्यवस्था सर्रास दिसते. अनुदानित प्राध्यापक रिकाम्या वर्गात, विद्यार्थी फी भरून दुसरीकडं.

प्रयोगशाळेसाठी पैसे मिळतात का?

पगाराबाहेरचं म्हणजे वेतनेतर अनुदान आहे, पण तुटपुंजं. त्यातच वीजबिल, खडू, दुरुस्ती आणि परीक्षानळ्या. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी खाजगी शाळाही अर्ज करू शकतात. मंजूर झाली तर एकूण २० लाखांपर्यंत मिळतात, सामानासाठी आणि पाच वर्षांच्या खर्चासाठी. पगारासाठी नव्हे, हे लक्षात घ्या. थ्री-डी प्रिंटर कुलुपात ठेवलेल्या प्रयोगशाळा मी पाहिल्यात, कारण तो चालवणारा सर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि जागा अजून भरली नाही.

उर्दू माध्यमाच्या शाळांना हेच नियम का?

पगार अनुदान तसंच. मात्र अल्पसंख्याक दर्जा असलेली संस्था शिक्षक स्वतः निवडू शकते, मान्यता शिक्षणाधिकाऱ्यांचीच लागते. नांदेड, परभणी, बीड, संभाजीनगर इथल्या उर्दू शाळांची खरी अडचण वेगळी: बी.एस्सी. गणित आणि उर्दू माध्यम, दोन्ही असलेला उमेदवार मिळणं.

आमची इंग्रजी शाळा विनाअनुदानित आहे, पण सरकार पंचवीस टक्के मुलांची फी देतं. त्यातून शिक्षकांना पगार नको का?

ती आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालची प्रतिपूर्ती, मुलामागं वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत, आणि तीही थकलेली असते. तिचा पगाराशी थेट संबंध नाही.

संस्थेनं तोंडी सांगून काढून टाकलं. काय करू?

१९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा अनुदानित-विनाअनुदानित असा भेद न करता मान्यताप्राप्त खाजगी शाळांना लागतो. कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, मुदत ३० दिवस. लोक हे तीस दिवस अध्यक्षांच्या घरी चकरा मारण्यात घालवतात. तोंडी काढलं असेल तर त्याच दिवशी "मी हजर आहे, सही करू देत नाहीत" असं लेखी पत्र पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा. राजीनाम्यावर कोऱ्या सह्या घेतल्या असतील तर तेही लिहा.

मी पालक आहे. आठवीला वर्षभर गणिताचा सर नाही. कुणाकडं जाऊ?

मुख्याध्यापकाला चालू वर्षाची संचमान्यता मागा. मंजूर पदं किती, कार्यरत किती, गणित-विज्ञानाच्या पदावर कोण आहे, त्याची पदवी कशाची, हे त्यातून आणि वेळापत्रकावरून कळतं. देत नसतील तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद यांच्याकडं करा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यातल्या कुणाला तरी विषय बैठकीत मांडायला लावा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

उत्तरात "पद भरलेलं आहे" असं आलं तर घाबरू नका. तिथं बहुधा भूगोलाचे किंवा हिंदीचे सर असतील, किंवा माझ्यासारखा वनस्पतिशास्त्रवाला. मग दुसरा अर्ज करा आणि त्यात पद विचारू नका, तास विचारा: आठवी अ, गणित, जूनपासून किती तास झाले आणि कुणी घेतले. आवक-जावक विभागातून शिक्का, तारीख आणि सहीची पोच घ्या. महिन्यानं तीच पोच घेऊन परत जायचंय.